टक्क्यांवरून उडालेला विश्वास

आमच्या बोरी गावात माणसाच्या काळजाची चौकशी टक्क्यांत होते. परभणी, नांदेड नाहीतर संभाजीनगरहून अँजिओग्राफी करून कुणी परतलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती निघालं?" नव्वद म्हटलं की ऐकणारा गप्प होतो, सत्तर म्हटलं की "टाकून घ्या मग लवकर" असा सल्ला मिळतो, आणि तीस-चाळीस म्हटलं की "मग काहीच नाही की!" म्हणत चहा सांगितला जातो.

परभणी-जिंतूर रस्त्यावर माझं औषधाचं दुकान आहे. ही चौकशी बऱ्याचदा माझ्या काउंटरपुढेच होते, आणि तिच्यात माझा आवाज सगळ्यांत वर असायचा. डी.फार्म. झालेला, चार पुस्तकं चाळलेला माणूस, म्हणून लोक फाइल माझ्यापुढे धरायचे. मी शेतकऱ्याला कळेल असं सांगायचो. ठिबकची नळी क्षारानं चोकअप होते, तसं हे. नळी किती बुजली त्यावर धोका. ॲसिड सोडलं की नळी मोकळी, स्टेंट बसवला की रक्तवाहिनी मोकळी, विषय संपला. गोळ्या? त्या आपल्या सोबतीला. हे सांगताना मला कधी अडखळायला झालं नाही, आणि ऐकणाऱ्यालाही पटलं नाही असं कधी झालं नाही.

आज हे मत माझं राहिलेलं नाही. जाताना त्यानं पुष्कळ त्रास दिला, कारण इतकं सोपं चित्र त्यानंतर माझ्या हाती लागलेलं नाही.

सुरुवात घरातूनच झाली. माझी पुतणी एमबीबीएस होऊन पुढं मेडिसिनला लागली. दिवाळीच्या सुट्टीत ती दुकानात बसली होती आणि मी कुणाला तरी ठिबकची नळी समजावत होतो. गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "काका, ती नळी आधी तुमच्या डोक्यातून काढा."

"का? रिपोर्टवर टक्के लिहिलेले असतात की नाही?"

"असतात. पण तो आकडा पोकळीचा आहे. रोग भिंतीत असतो."

हे वाक्य मला तेव्हा पुस्तकी वाटलं. तिनं मग एकेक गोष्ट काढली. अँजिओग्राफीत वाहिनीत रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांत त्याची सावली बघतात. सावली दिसते ती रक्त वाहतं त्या पोकळीची. भिंत दिसतच नाही. 1987 साली शिकागोच्या सेमूर ग्लागोव्ह यांनी मृतांच्या हृदयवाहिन्या कापून, मोजून दाखवलं होतं की भिंतीत चरबीचा थर साचायला लागला की वाहिनी बाहेरच्या अंगानं फुगते आणि पोकळी सांभाळून घेते. थरानं साधारण चाळीस टक्के जागा खाल्ल्यावरच पोकळी अरुंद व्हायला लागते. म्हणजे सावली सरळ आणि स्वच्छ, आणि भिंत मात्र भरलेली, असं होऊ शकतं. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या तीनशे अमेरिकी सैनिकांची शवविच्छेदनं 1953 साली छापून आली होती. सरासरी वय 22, आणि दर चारांतल्या तिघांच्या हृदयवाहिन्यांत रोगाच्या खुणा. त्या पोरांना कुणी टक्के विचारले असते तर काय सांगितलं असतं?

तरी मी अडून बसलो. ठीक आहे, भिंतीत असेल. पण झटका तर अरुंद जागीच येणार ना? त्यावर तिनं 1988 चा विल्यम लिटल यांचा अभ्यास काढला. ज्यांची अँजिओग्राफी आधी कधीतरी झालेली होती आणि नंतर ज्यांना झटका आला, अशी 29 माणसं. झटक्यानंतर पुन्हा अँजिओग्राफी करून जुन्या सावलीशी ताडून पाहिली. जी वाहिनी पुढं बंद पडली, तिच्यात 19 जणांच्या बाबतीत आधी पन्नास टक्क्यांहून कमी अडथळा होता. सत्तर टक्क्यांच्या खाली तर 28 जण. आमच्या काउंटरवर ज्यांना "काहीच नाही की" म्हणून चहा मिळाला असता, ती ही माणसं.

मी दुकानदार आहे, इतक्या लवकर सौदा होत नाही माझा. 29 हा काय आकडा झाला, असं मी म्हणालो. शिवाय ज्यांचे अडथळे मोठे होते त्यांची बायपास आधीच झाली असणार, ते या यादीत येणारच नाहीत. पुतणी हसली आणि म्हणाली, "बरोबर धरलंत काका." तो आक्षेप शास्त्रज्ञांनीही घेतला होता. एकेका अडथळ्याचा हिशोब केला तर मोठा अडथळा लहानापेक्षा जास्त धोक्याचाच असतो. पण लहान अडथळे संख्येनं कितीतरी जास्त असतात, त्यामुळे झटक्यांच्या एकूण बेरजेत त्यांचा वाटा मोठा निघतो. मोठ्या अडथळ्याला भ्यायचं नाही असा याचा अर्थ नाही. लहान अडथळ्यावर चहा पिऊन मोकळं व्हायचं नाही, एवढा नक्की आहे.

मग झटका येतो तरी कसा? थर वर्षानुवर्षं जाड होत होत एक दिवस नळी बंद, असं मी धरून चाललो होतो. बहुतेक वेळा तसं होत नाही. भिंतीत शिरलेलं कोलेस्टेरॉल खराब होतं, ते खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथंच मरतात. त्यांचा मऊ, तेलकट गाळ साचतो. त्यावर शरीर तंतूंचं झाकण घालतं. झाकण जाड असेल तर माणूस त्या थरासकट, डॉक्टरांच्या भाषेत प्लाकसकट, नव्वदी गाठतो. पण आत दाह चालू राहिला तर त्याच पेशी झाकण कुरतडणारी द्रव्यं सोडतात आणि ते पातळ होत जातं. फुटणारी झाकणं शवविच्छेदनात 65 मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या पंधराव्या भागापेक्षाही, पातळ सापडली. असं झाकण फाटलं की आतला गाळ रक्ताला भिडतो, रक्त त्याच्यावर गोठतं आणि काल चाळीस टक्के असलेली जागा आज सकाळी शंभर टक्के होते. सगळेच झटके फाटण्यानं येत नाहीत. काही वेळा झाकण शाबूत असतं आणि त्याच्यावरचं अस्तरच सोलवटून निघतं, तरी रक्त गोठतंच. हा प्रकार बायकांत आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त दिसतो.

हे ऐकताना मला एक जुनी बातमी आठवली. 2003 साली 22 मे रोजी डॉ. नितू मांडके गेले. बाळासाहेब ठाकऱ्यांची बायपास करणारे, महाराष्ट्रातल्या घराघरात नाव पोचलेले हृदयशल्यविशारद. वय 55, आणि गेले हृदयविकाराच्या झटक्यानं. काळजाच्या डॉक्टरलाच काळीज कसं कळलं नाही, असं तेव्हा आमच्याकडे सगळे बोलत होते. मीही. पुढं 2008 साली अमेरिकेत टिम रसर्ट नावाचे प्रसिद्ध पत्रकार कामाच्या ठिकाणीच कोसळले. जेमतेम दीड महिन्यापूर्वीची त्यांची ट्रेडमिल टेस्ट व्यवस्थित होती. शवविच्छेदनात फुटलेलं प्लाक निघालं. ट्रेडमिलला कळतं ते धावताना रक्त कमी पडतं का, एवढंच. झाकण किती पातळ झालं आहे हे तिला कळत नाही. मांडके यांच्या बातमीवरची आमची बडबड मला आता पोरकट वाटते.

पुतणीनं सांगितलेलं सगळ्यांत जास्त रुचलं ते मात्र वाहिनीच्या आतल्या अस्तराबद्दल. डॉक्टर त्याला एंडोथेलियम म्हणतात. जाडी एका पेशीची. मला वाटायचं, असेल नुसता मुलामा. पण ते अस्तर कामाला जुंपलेलं असतं. 1978 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत होते. ॲसिटिलकोलीन टाकलं की पट्टी आकसते, हा त्यांचा जुना अनुभव. एकदा साहाय्यकाच्या हातून प्रयोगाचा ठरलेला क्रम चुकला आणि पट्टी आकसण्याऐवजी सैल पडली. खोलात गेल्यावर उलगडा झाला. आधी पट्टी तयार करताना तिची आतली बाजू घासली जायची आणि अस्तर निघून जायचं. या वेळी ते राहिलं होतं. म्हणजे स्नायूला सैल पडायला सांगत होतं ते अस्तर. 1980 साली हे 'नेचर'मध्ये आलं. अस्तर तो निरोप नायट्रिक ऑक्साइड नावाच्या साध्या वायूतून देतं, हे ठरायला आणखी सहा-सात वर्षं गेली. 1998 साली फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

इथं मी थबकलो. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी मी आयुष्यभर विकली. ती शरीरात जाऊन हाच नायट्रिक ऑक्साइड देते. थकलेल्या अस्तराचं काम ती थोडा वेळ बाहेरून करते, आणि मी तिला नळीतला कचरा ढकलणारी गोळी समजत होतो! यातली मौज अशी की या गोळीच्याच जातीच्या नायट्रोग्लिसरिनपासून डायनामाइट करून ज्यांनी पैसा मिळवला, त्या आल्फ्रेड नोबेलना 1896 साली छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरिनच लिहून दिलं होतं. नियतीच्या या थट्टेबद्दल त्यांनी मित्राला पत्रातून कळवलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. त्या औषधाचं कोडं सोडवल्याबद्दल त्यांच्याच नावाचं पारितोषिक त्यानंतर एकशे दोन वर्षांनी दिलं गेलं.

अस्तर ठीक असेल तर वाहिनी गरजेप्रमाणे रुंदावते, रक्तातल्या चपट्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत, कोलेस्टेरॉल सहजी आत शिरत नाही. बिघडलं तर तिन्ही गोष्टी उलट. 1986 साली बॉस्टनमध्ये डॉक्टरांनी रुग्णांच्या हृदयवाहिन्यांत ॲसिटिलकोलीन सोडून पाहिलं, तेव्हा निरोगी वाहिन्या रुंदावल्या आणि रोगट आकसल्या. ज्यांच्यात अडथळा अगदी थोडका होता त्यासुद्धा. 1992 साली लंडनमध्ये डेव्हिड सेलरमेजर यांनी तर सुई न टोचता हे बघितलं. हाताला पट्टा पाच मिनिटं आवळायचा, सोडायचा, आणि दंडातली धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर मोजायचं. धूम्रपान करणाऱ्या तरुणांची आणि जन्मजात जास्त कोलेस्टेरॉल असलेल्या मुलांची धमनी नीट रुंदावत नव्हती. टक्क्यांच्या भाषेत त्या मुलांचं सगळं शून्य होतं. ही तपासणी आपल्याकडे कुणी लिहून देत नाही आणि त्यावर उपचारही ठरत नाहीत. पण रोग कुठून सुरू होतो हे त्यातून दिसलं.

"मी ओढत नाही, नुसती खातो," असं तळहातावर तंबाखू मळत सांगणारी माणसं माझ्या दुकानासमोर रोज उभी असतात. पूर्वी मी मान डोलवायचो. धूर नाही म्हणजे काळजाला धोका नाही, तोंडाचं काय ते बघा. डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. त्याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येताना दिसला. आणि "माझ्या अंगावर कुठं मांस आहे?" म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण मी सांगतो. 2004 साली त्यांनी आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, बॉडी मास इंडेक्स 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. टक्के सांगायचेच तर मी आता हे सांगतो.

माझ्या धंद्याशी सगळ्यांत जवळची गोष्ट गोळ्यांची, आणि मत फिरलं ते खरं तिथं. स्टेंट बसवून आलेला माणूस पहिले काही महिने इमानानं गोळ्या नेतो. मग विचारतो, "नळी तर उघडली, आता ह्या कशाला?" ज्याला स्टेंट पडलेला नाही तो विचारतो, "इतके महिने खाल्ल्या, ब्लॉकेज किती उघडलं?" माझ्या जुन्या चित्रात या दोन्ही प्रश्नांना उत्तर नव्हतं, कारण स्टॅटिनच्या गोळीनं पोकळी जेमतेम एक-दोन टक्क्यांनी सुधारते. 1990 च्या आसपास पुन्हा पुन्हा अँजिओग्राफी करून पाहिलेल्या अभ्यासांत हेच निघालं. झटके मात्र त्या मानानं फार कमी झाले. 1994 साली उत्तर युरोपातल्या 4444 हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांतले मृत्यू तीस टक्क्यांनी कमी भरले. नळी तेवढीच, मरणं कमी. हे नळीच्या हिशोबात बसवायचा मी खूप प्रयत्न केला, बसलं नाही. भिंतीच्या हिशोबात लगेच बसतं: गोळी आतला गाळ आणि दाह कमी करते, झाकण जाड करते. ॲस्पिरिनचंही तसंच. 1988 च्या आयसिस-2 चाचणीत सतरा हजारांवर रुग्ण होते. झटक्याच्या वेळी दिलेल्या या स्वस्त गोळीनं पाच आठवड्यांतले मृत्यू 23 टक्क्यांनी घटवले, अडथळा केसभरही न उघडता. तिचं काम गुठळीशी.

आणि स्टेंट? महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून तो आता गरिबालाही मिळतो, 2017 साली सरकारनं त्याच्या किमतीला लगाम घातला, या दोन्ही गोष्टी मला मोलाच्या वाटतात. झटका चालू असताना वाहिनी उघडणं म्हणजे जीव वाचवणं, त्यात दुमत नाही. चालताना छाती भरून येत असेल तर स्टेंटनं आराम पडतो. पण ज्यांचं दुखणं स्थिर आहे त्यांच्यावरच्या मोठ्या चाचण्या, 2007 ची करेज आणि 2020 ची इस्केमिया, एकच सांगून गेल्या: चांगल्या औषधोपचाराला स्टेंट किंवा बायपासची जोड पहिल्यापासून दिली म्हणून मृत्यू कमी झाले नाहीत. मुख्य डावी वाहिनीच अरुंद असलेले रुग्ण त्यात नव्हते. त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

आता मी पूर्ण पलीकडच्या काठाला गेलो असंही नाही. वाहिनीच्या आतून सोनोग्राफी करून भिंत तपासणाऱ्या 2011 च्या प्रॉस्पेक्ट अभ्यासात पातळ झाकणाची प्लाक पुष्कळ सापडली, पण तीन वर्षांत त्यातली शंभरात पाचच उपद्रवी ठरली. बाकीची गप्प राहिली. म्हणजे 'अस्थिर' ठरवून घाबरवणं हाही नवा धंदा होऊ शकतो. उलट 2024 साली दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं 1606 रुग्णांवर झालेल्या चाचणीत अशा प्लाकवर आधीच स्टेंट बसवल्यावर दोन वर्षांतले अनिष्ट प्रसंग 3.4 टक्क्यांवरून 0.4 टक्क्यांवर आले. पुतणीनंच हे फोनवर सांगितलं. मी विचारलं, "मग माझी नळी जिंकली का?" ती म्हणाली, "नाही काका, त्यांनीही भिंत बघूनच जागा ठरवली."

ज्या चित्राला मी एवढी वर्षं खतपाणी घातलं, त्याच्यावर आणखी बरंच काही पोसलं जातं, हे मला उशिरा दिसलं. पिंपळाच्या पानांचा काढा, लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगर-मधाची बाटली, 'ब्लॉकेज खोलणारी' पावडर. रोग म्हणजे चोकअप असं एकदा मनात बसलं की काहीतरी प्यायचं आणि धुऊन काढायचं, हे ओघानंच आलं. काढा पिणाऱ्याला मी हसायचो, पण त्याचं आणि माझं तर्कशास्त्र एकच होतं.

शेवटचं वेळेबद्दल. झटके पहाटेनंतरच्या तासांत जास्त येतात हे 1985 पासून माहीत आहे. त्या वेळी आमच्याकडे काय होतं ते मी जाणतो. माणूस अंथरुणात उठून बसतो, घाम पुसतो, ओवा खातो, आणि उजाडल्यावर पोराला माझ्याकडे पाठवतो: "आबांच्या छातीत दुखायलंय, गॅसची गोळी द्या." क्रिएट या देशव्यापी पाहणीत रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंतचा मध्यक कालावधी पाच तासांहून कमी नव्हता. नळी हळूहळू बुजते असं मानणाऱ्याला घाई कशाला वाटेल? गुठळी मिनिटांत होते, आणि ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं.

तेव्हा बोरीकरांना आणि आसपासच्या गावांना विनंती आहे. छातीवर दाब आला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम सुटला, किंवा शुगर असलेल्या माणसाला एकाएकी धाप लागली, तर माझ्याकडे गॅसची गोळी मागायला येऊ नका. 108 ला फोन करा, जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा, आणि पहिला ईसीजी चांगला आला तरी दुखणं थांबेपर्यंत तिथून उठू नका. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या माझ्या किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्यानं बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावं. आणि कुणी विचारलंच किती टक्के, तर तंबाखू कधी सोडली ते सांगा.